नामहेहून आलेला निरोप

आमच्या शाळेच्या स्वयंपाकघरात आम्ही सहाजणी. सातशे मुलांचं जेवण दुपारी बाराच्या आत तयार लागतं, त्यामुळे सुट्टी मिळते ती शाळेला सुट्टी असेल तेव्हाच. दर हिवाळ्यात तीन दिवस आम्ही आमच्या चॉनजू शहरातून कुठेतरी बाहेर जाऊन येतो. नवरे नाहीत, मुलं नाहीत. उतरायचं कुठे, हे अकरा वर्षं एकटीने ठरवलं ते ओक-बुनने.

ओक-बुन माझ्याच वयाची, अठ्ठावन्नची. बुटकी, हात मात्र पुरुषासारखे मोठे. हॉटेल आम्हाला परवडत नाही, आणि दोघी-दोघींना वेगवेगळ्या खोल्यांत कोंडून घ्यायला सहलीला कशाला जायचं? आम्हाला लागते एक मोठी खोली, जिथे सहा गाद्या ओळीने पडतील. ओक-बुन आधी त्या गावातल्या वाण्याचा नंबर शोधायची. तुमच्याकडे खोली कोण देतं, हे त्याला विचारायची आणि मग त्या घरी फोन लावायची. तिचे प्रश्न ठरलेले. आमच्याकडे थंडीत घर तापवतात ते जमिनीखालून, म्हणून पहिला प्रश्न जमिनीचा. जमीन दिवसभर तापती ठेवता की संध्याकाळपुरती? आम्ही तुमच्या चुलीवर रांधलं तर चालेल? बसथांब्यापासून चालत किती? उत्तरापेक्षा तिचं लक्ष बोलणाऱ्याच्या आवाजाकडे असायचं. "ही बाई भांडी मोजून देईल," म्हणत फोन ठेवायची आणि पुढचा नंबर लावायची. वांदो बेटावर एका कोळ्याच्या घरी तिने आम्हाला अगदी स्वस्तात उतरवलं, आणि वर निघताना तिथल्या म्हातारीने खायचं सुकवलेलं समुद्री शेवाळ बांधून दिलं. पुढे महिनाभर ओक-बुन ताठ मानेने वावरत होती.

गेल्या वर्षी हे-रान कामाला लागली. सेहेचाळीस वर्षांची, आधी एका दवाखान्याच्या कँटीनमध्ये होती. डिसेंबरात जेवणाच्या सुट्टीत ओक-बुनने पूर्व किनाऱ्यावरचं एक घर सुचवलं, माणशी पंचवीस हजार वॉन. हे-रानने तोंडातला घास संपवला आणि फोन पुढे केला.

"ताई, हे बघता का? दक्षिणेला, नामहे बेटावर. अख्खं घर आपलं. माणशी पंधरा हजार पडतील."

सगळ्यात वडील चोम-रे ताई. त्यांनी चष्मा नाकावर ओढला. फोटोत कौलारू घर, अंगणात लिंबाची झाडं, मागे समुद्र.

"ओक-बुन, बघ तरी."

"फोटोत सगळ्याच जमिनी गरम दिसतात," ओक-बुन म्हणाली.

"चाळीस जणांनी लिहिलंय, घर छान आहे म्हणून," हे-रान म्हणाली.

"ते चाळीस जण तुझ्या ओळखीतले आहेत का?"

पण दहा हजारांचा फरक होता. ठरलं नामहेच.

ओक-बुन वाईट काही बोलली नाही. फक्त हे-रानने कापलेला मुळा ती पुन्हा हातात घेऊन आणखी बारीक करायची. मग चोम-रे ताईंनी मुलीच्या सासरच्यांना सहलीत उतरायला घर शोधून द्यायला सांगितलं, तेही हे-रानला. अकरा वर्षांत असलं काम ओक-बुनला कुणी सांगितलं नव्हतं. त्या दिवशी तिने डब्यातलं अर्धं जेवण तसंच ठेवलं.

पुढचं मला तिनेच नंतर सांगितलं. निघायच्या चार दिवस आधी, मंगळवारी, तिने तो फोटो मोठा करून दारावरच्या पाटीवरचा फोन नंबर वाचला आणि घरमालकाला फोन लावला. काहीतरी खोट सापडेल एवढीच तिची आशा होती.

फोन एका म्हाताऱ्याने उचलला. चॉनजूहून बोलतेय म्हणताच तो म्हणाला, "चॉनजूच्या शाळेतल्या बायका ना? बरं झालं तुम्ही केलात. ते फोनवरचं बुकिंग पुसानला राहणारी माझी मुलगी बघते, ती फोन उचलत नाही, म्हणून घर ठरवणाऱ्या बाईंचा नंबर काही मला मिळेना. जमीन तापवणारा बॉयलर गेलाय, त्याचा सुटा भाग यायला आठवडा लागेल. आणि बायकोच्या गुडघ्याचं ऑपरेशन आहे, मीही इथे नसणार. पुढच्या आठवड्यात या म्हणावं. निरोप द्याल ना?"

"देते," ओक-बुन म्हणाली.

तिने तो दिला नाही. बुधवारी सांगू असं मनाशी म्हणाली, मग गुरुवारी. गुरुवारी हे-रान सगळ्यांना बसच्या वेळा वाचून दाखवत होती आणि चोम-रे ताई म्हणाल्या, "ही आली आणि किती सोपं झालं." तेव्हा ओक-बुनने शेजारच्या गावात दुसरं घर पाहून ठेवलं आणि तोंड मिटून घेतलं.

शनिवारी नामहेला उतरलो. फाटकाला कुलूप. समुद्रावरून असा वारा येत होता की मुरवलेल्या किमचीचे डबे धरलेली बोटं बधिर झाली. हे-रानने घरमालकाच्या पुसानच्या मुलीला तीनदा फोन लावला, तिने उचलला नाही, मग दाराशी आल्याचा मेसेज टाकला. कुणीतरी म्हणालं, "फोटोत तर ऊन होतं." हे-रानचा चेहरा लाल झाला. चोम-रे ताई दगडावर बसून गुडघे चोळू लागल्या.

ओक-बुन लांब उभी होती. अर्ध्या तासाने ती पुढे आली. "पलीकडच्या गावात एक घर आहे. मी आपलं विचारून ठेवलं होतं."

त्या घरात पाय टाकला आणि तळव्यांना ऊब लागली. घरमालकिणीने परसातला पालक दिला. सगळ्याजणी जमिनीला पाठ लावून पडल्या. "ओक-बुन नसती तर आज मेलो होतो," चोम-रे ताई म्हणाल्या. ओक-बुन हसली, पण नुसती ओठांनी.

हे-रान तांदूळ धूत होती, मी बाजूला लसूण सोलत होते. तिचा फोन वाजला. हात ओले, म्हणून तिने तो स्पीकरवर टाकला.

"अहो, मुलगी म्हणते तुम्ही दाराशी येऊन गेलात," घरमालक म्हातारा बोलत होता. "मी बायकोच्या ऑपरेशनसाठी दवाखान्यात आहे. मंगळवारीच तुमच्यातल्या एका बाईंना सांगितलं होतं, बॉयलर बंद आहे म्हणून. त्या म्हणाल्या, देते निरोप."

ओक-बुन ताटल्या घेऊन दारातच उभी होती. हे-रानने मान वर करून तिच्याकडे पाहिलं.

"हो आजोबा. आमच्यातच घोटाळा झाला," ती फोनला म्हणाली. "आजी बऱ्या आहेत ना?"

मग तिने तांदळाचं पाणी ओतलं आणि भात शिजत लावला.

जेवताना तिने त्याचा विषय काढला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. ओक-बुनला ताई म्हणत होती, तिच्या वाटीत मासा वाढत होती. दुपारी किनाऱ्यावर ओक-बुनने मला बाजूला ओढलं आणि मंगळवारपासूनचं सगळं सांगितलं.

"ती बोलत का नाही?" तिने विचारलं. "घरं चांगली शोधते, सूप चांगलं करते. आता चांगुलपणातही माझ्या पुढे जायचंय तिला."

"मग तूच सांग."

"मी सांगितलं तर ती आणखीनच चांगली दिसेल."

तरीही शेवटच्या सकाळी, सगळ्याजणी नाश्त्याला बसलेल्या असताना, तिने सांगितलं. मान खाली घालून, पण एकही गोष्ट न गाळता.

चोम-रे ताईंनी चमचा खाली ठेवला. "सगळं ठाऊक असून माझे गुडघे अर्धा तास त्या वाऱ्यात ठेवलेस तू." पुढे महिनाभर त्या तिच्याशी कामापुरतंच बोलल्या.

हे-रान म्हणाली, "मला राग आलाय, ताई. त्या दिवशीही आला होता. ताटल्या हिसकून घ्याव्यात असं वाटलं. पण माझ्या घरी सासरे अंथरुणाला खिळलेत. वर्षातून हे तीनच दिवस मी बाहेर पडते. ते भांडणात घालवायचे नव्हते."

"राग आला होता?" ओक-बुनने विचारलं. तिचा चेहरा एकदम मोकळा झाला. मला तिचं हसू आलं आणि कीवही.

मार्चमध्ये एका शनिवारी ओक-बुन कुणाला न सांगता एकटीच त्या म्हाताऱ्याच्या घरी गेली. सोबत किमचीचा डबा नेला. म्हातारा-म्हातारीपुढे वाकली, माफी मागितली. तिला परत पाठवायला ते तयार होईनात, म्हणून ती रात्रभर त्या भाड्याच्या घरातच राहिली आणि रविवारी ठरलेलं भाडं उंबऱ्याजवळ ठेवून निघाली.

सोमवारी मोड आलेले दाणे धुताना ती हे-रानला म्हणाली, "तुझं ते घर चांगलं आहे. जमीन सकाळपर्यंत गरम होती. मला ते कधी सापडलं नसतं." आणि दाण्यांची टोपली तिने पुन्हा पाण्यात बुडवली.

"पुढच्या वेळी मी शोधते, तुम्ही फोन करा," हे-रान म्हणाली. "माणूस कसा आहे ते मला आवाजावरून नाही कळत."

"बघू," ओक-बुन म्हणाली.

या हिवाळ्यात तसंच केलं. हे-रानने फोनवर पाच घरं निवडली, ओक-बुनने पाचही ठिकाणी बोलून चार काढून टाकली. त्या दोघी त्यावरून दोन आठवडे रोज हुज्जत घालत होत्या, आणि त्यात हे-रानचाही आवाज चढायला लागला होता. उरलेल्या घरात पोचल्यावर चोम-रे ताई गरम जमिनीवर आडव्या झाल्या आणि म्हणाल्या, "वा, झकास."

ओक-बुनने लगेच विचारलं, "कुणाचं कौतुक करताय, ताई? शोधणारीचं की फोन करणारीचं?"

"घराचं," चोम-रे ताई म्हणाल्या आणि कूस बदलली.