वरचे बोंबील

कोपरीच्या बाजारातल्या कोळीण मावशींचं नाव मी कधी विचारलंच नाही. माशांचा वाटा पिशवीत ओतला, की न मागता वर दोन बोंबील टाकायच्या.

एकदा ओला हात पदराला पुसून त्यांनी मोबाइल पुढे केला. "बघ रं, कंपनीवाले महिनाभर गाणी फुकट बोलले, आता रोज पैसं कापतान."

मी ती सेवा बंद करून दिली, तरी त्यांचा राग काही उतरेना. "फुकट दिलं तं दिलं. मागून पैसं कसलं घ्यायचं? असा धंदा करतान का कोन?"

त्या दिवशी वर चार बोंबील पडले. मी खिशात हात घातला, तशी मनगटावर चापट बसली.

"वरचे हायेत. पुढच्या महिन्यात मागायला नाय येनार."