येणाऱ्यांची गिनती

नवऱ्याचं नाव घ्यायचं नसतं म्हणतात. पण नाव न घेता माणूस सांगणार कसा? धाकू. धाकू तांडेल, कोपरीचा. घेतलं नाव. आता काय व्हायचं ते होऊ दे, व्हायचं राहिलंय तरी काय!

मी लक्ष्मी. ठाण्याच्या बाजारात मासे विकते. माझं तोंड मोठं आहे असं लोक म्हणतात, ते काय खोटं नाही. मऊ तोंडाची कोळीण निवट्या विकायला बसली तर तिन्हीसांजेला त्याच निवट्या घरी घेऊन जाईल.

आमच्या माणसाच्या बुडाला काटे होते. बसलेला असा कोणी बघितला नाही त्याला. बाकीचे ओट्यावर मांडी घालून जाळं विणतात, हा खुंटीला जाळं अडकवून उभ्याने विणायचा. चार घास पोटात गेले की ताटावरून उठायचा, भरती कुठवर आली ते बंदरावर जाऊन बघायचा आणि परत येऊन गार झालेला भात खायचा. सासू म्हणायची, "हा पोटात असताना मी सारखी होडीत असायचे, म्हणून हा असा." मी म्हणायचे, "म्हातारे, मग होडीलाच बांधायचा होतास, माझ्या गळ्यात कशाला बांधलास?" सासू हसायची. चांगली होती बिचारी.

असल्या माणसाला महिनाभर कचेऱ्यांच्या बाकड्यावर बसायची पाळी आली. का आली, ते सांगते.

शालू आमची एकुलती एक. तिला दमणला दिली. तेव्हा दमण म्हणजे परदेश असं कोणाच्या डोक्यातच नव्हतं. इथून खाडीने वसईला उतरायचं, वारा बरा असला तर दुसऱ्या दिवशी दमणच्या बंदरात शीड उतरवायचं. तिथं फिरंग्याचं राज्य आहे हे माहीत होतं, पण दर्याला काय फिरंगी आणि काय आपला! जावई गुणाचा, मोठ्या बोटीवर खलाशी, आफ्रिकेला जायचा. पहिलं बाळंतपण खरं तर माहेरी व्हायचं, पण पोरीच्या सासूने तिकडंच ठेवून घेतली, एवढ्या लांबचा प्रवास नको म्हणून. मूल झालं ते मेलेलंच. मागाहून ती सासूही गेली.

मग आलं चोपन्न साल. शालूला पुन्हा दिवस गेलेले. जावई बोटीवर, घरात आंधळा सासरा, बाईमाणूस दुसरं नाही. नारळी पुनवेनंतर तिकडची एक नाव आपल्या बाजूला आली, तिच्या तांडेलाने निरोप आणला, "तुमच्या पोरीचे पाय सुजलेत. बोलली, आयेला सांग मना घेऊन जा. नायतर हे पण नाय जगायचं."

हे पण नाय जगायचं! माझ्या हातातला कोयता खाली पडला. धाकू तर ऐकल्या ऐकल्या शीड चढवायलाच धावला. "थांब रे बाबा," त्याचा धाकटा भाऊ राघो बोलला, "आता तसं जाता येत नाय." खरंच येत नव्हतं. त्याच पावसात तिकडं दादरा-सिल्व्हासाची गडबड झालेली, लोकांनी तिथून फिरंग्याला हाकललेला. जमिनीवरचं नाकं बंद. दर्यावरून जायचं तर मासेमारीचं लायसन पाहिजे, होडीचा परवाना पाहिजे, कागदावर शिक्का पाहिजे.

ठाण्याच्या कचेरीत गोपीनाथराव म्हणून कारकून होते. वयाने मोठे, बोलणं पुण्याकडच्यासारखं शुद्ध, पण माणूस मायाळू. शनिवारी माझ्याकडूनच बोंबील न्यायचे. धाकूने त्यांना सगळं सांगितलं. ते हळूच म्हणाले, "अहो तांडेल, तिकडून माणूस आणायचा परवाना हवा असेल तर तो वरून यावा लागतो. वर्षसुद्धा लागेल."

"वर्षाने आणून काय करू? नातवाचं जावळ?"

"ओरडू नका. मासेमारीचा परवाना इथेच होईल. तुम्ही मासे पकडायला जा. जाळ्यात काय सापडतं ते मी कशाला विचारू?"

एवढं बोलून त्यांनी पान लावलं. देवमाणूस, दुसरं काय!

पण कागद म्हणजे कालवं फोडण्यासारखं काम, एक फोडलं की खाली दुसरं चिकटलेलं. लायसन एका टेबलावर, परवाना दुसऱ्यावर. परवान्याला होडीच्या मापाचा दाखला पाहिजे आणि माप घेणारा बसतो कल्याणच्या बंदरावर. भरती धरून आमची होडी कल्याणला नेली, तर मापवाला गायब. डोंबिवलीला लग्नाला गेला म्हणे. दुसरा कोणी असता तर उद्या बघू म्हणाला असता. हा रुळांच्या कडेने तरातरा डोंबिवलीला गेला, लग्नाचा मांडव शोधला आणि पंगतीत मापवाल्याच्या पानासमोर जाऊन उभा! "साहेब, जिलबी खाऊन घ्या, मग माझी होडी मोजा." लोक बघत राहिले. मापवाला लाजेने म्हणा, भीतीने म्हणा, उठला. दाखला मिळाला.

घरी मात्र त्याचा मला जाच. पहाटेपासून या दारातून त्या दारात. "आज काय वार? आज कचेरी उघडी का गो? पोरीला कितवा लागला?" मी म्हणायचे, "सातवा लागला, कालही सातवाच होता, आता बस की मुडद्या जरा!" आणि तो बाहेर गेला की मीच उठून दारात जायचे. बाजारात गिऱ्हाइकाने पापलेट उलटंपालटं करून बघितलं तरी मी अंगावर जायचे. रात्री डोळा लागला की शालूचे सुजलेले पायच दिसायचे मला.

शेवटी गोपीनाथरावांनी सगळे कागद पुढे घेतले. मी पण गेलेले, टोपली दारात ठेवून. तांडेल, म्हणजे होडीचा म्होरक्या, म्हणून राघोचं नाव घातलं, कारण राघोला सही येते, आमच्या माणसाचा नुसता अंगठा. बाकीच्यांची नावं नाहीत, नुसती खलाशी म्हणून गिनती. आत साहेब बसलेला, मधे नुसता पडदा. गोपीनाथरावांनी टाक दौतीत बुडवला.

"जाणार किती?"

"सहा," धाकू बोलला.

"येणार किती?"

धाकूचं मग तोंड लालेलाल. "ये काय इचारणं झालं?"

आता ही आमच्या घराची रीत ऐका. होडी दर्यावर निघाली की कधी येणार असं बायकोने विचारायचं नाही आणि किती येणार हे तर कोणी तोंडातून काढायचंच नाही. येणाऱ्यांची गिनती दर्याने करायची, माणसाने केली तर दर्या ती खोटी करतो. माझा सासरा याच्यावरून एकदा व्यापाऱ्याच्या अंगावर वल्हं घेऊन धावलेला. होडी परतायच्या वेळी मी भात टाकते तोसुद्धा अंदाजाने, माणसं धरून नाही.

गोपीनाथराव टाक तसाच धरून होते. "तांडेल, नीट विचार करा. जाणार सहा. येणार किती? तुम्ही आकडा सांगा, मी लिहितो." आणि पडद्याकडे बघून माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, या कारकुनाला घाई झालीय. ते काय सांगत होते ते मला तेव्हा कळलं असतं तर! आमचा माणूस तर उठून उभाच राहिला. "येणारे दर्या सांगल. मी नाय सांगणार. लिवायचं तर लिवा, नायतर राहू दे तुमचा कागद."

आतून साहेब ओरडला, "काय चाललंय तिकडे?"

गोपीनाथरावांनी खाली मान घातली आणि जेवढे जाणार तेवढेच येणार लिहिलं. माणसं सहा. शिक्का बसला. धाकूने कागद छातीशी धरला आणि रस्त्यातच मला बोलला, "लक्ष्मी, तिला आंबट वरण आवडतं, करून ठेव." असा हसला म्हणून सांगू, लग्नातही तसा हसला नव्हता.

होडीला नारळ वाढवला. राघो सुकाणूवर, भिवा आणि वाडीतले आणखी तीन गडी वल्ह्यांवर, आणि हा पुढच्या टोकाला नाळेवर उभा. बाळकुमच्या वळणाला होडी दिसेनाशी झाली. मी काही विचारलं नाही.

नंतरचे दिवस कसे काढले ते माझं मला माहीत. बाजारात बसायचे आणि कान बंदराकडे. शालूसाठी सुंठ आणली, डिंक आणला, जुनी लुगडी धुऊन दुपट्याला फाडली. फाडताना मनात यायचं, मागच्या खेपेलाही अशीच फाडली होती. लगेच स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यायचे.

एका दुपारी कोणीतरी हाळी दिली, "लक्ष्मी, तुझी होडी गो!"

धावत गेले. भरतीच्या पाण्यावरून होडी आत येत होती आणि मधल्या फळीवर शालू! पाय सुजून केळीच्या खुंटासारखे, तोंड पिवळं, पण माझी शालू. मी गुडघाभर चिखलात उतरले. आनंदाने माणूस किती वेडं होतं! "आली गो माझी बाय!" म्हणून मी हात वर केले, आणि मग नाळेकडे बघितलं. नाळेवर भिवा होता. सुकाणूवर राघो. वल्ह्यांवर तिघे. सहा माणसं होती. माझा माणूस नव्हता.

"तुझा दादूस कुठंय?" मी राघोला विचारलं. राघोने सुकाणू सोडलं आणि तोंड झाकून रडायला लागला. मला वाटलं, दर्याने घेतला. मी खालीच बसले चिखलात. तेव्हा शालू ओरडली, "आये, बाबा हायत गो! तिकडं हायत!"

मग राघोने सांगितलं. दमणच्या धक्क्यावर निघताना शिपाई आला. गोरा नव्हता, आपल्यासारखाच काळा, टोपी तेवढी फिरंग्याची. कागद बघितला, होडीतली डोकी मोजली. कागदावर सहा, होडीत सात. "बाई असो, बुवा असो, सहा आले, सहा जातील." पुढं आपल्या चौकीवरही तोच कागद दाखवायचा होता. धाकूने घोळीचा मोठा मासा त्याच्या पायाशी ठेवला. शिपायाने मासा घेतला आणि पुन्हा मोजलं, तरी सातच.

राघो बोलला, मी राहतो. पण तांडेल म्हणून त्याचं नाव कागदावर. भिवा बोलला, मी राहतो. भिवाच्या घरी तान्हं पोर. धाकूने कोणाचं ऐकलंच नाही. "पोर माझी. दुसऱ्याच्या पोराला फिरंग्याच्या दारात ठेवून मी घरी जाऊ? जनाची नाय तर मनाची तरी लाज हाय मना." शालू उतरायला लागली तर तिच्यावर ओरडला, कधी ओरडला नव्हता एवढा. "बस खाली! उतरलीस तर माझं मढं बघशील." आणि स्वतः धक्क्यावर उडी मारली.

शालू माझ्याकडे बघायची नाही. आंबट वरण केलं, ताटाला शिवली नाही. मी म्हटलं, "तुझ्या बापाने तुला आणलीय ती उपाशी मारायला नाही. गीळ." ती रडत रडत जेवली, मी चुलीकडे तोंड करून रडले.

दिवस भरल्यावर मोकळी झाली. मुलगी. सुइणीने पाय धरून उलटी केली आणि पोर असं कोकललं की शेजारी जमले. जिवंत! मला हसू का रडू कळेना. पहिल्यांदा तोंडात आलं ते हेच, धाकू, जिवंत हाय रे.

पोरगी मोकळी होईतो आम्ही कोणाकडे बोललो नव्हतो. बोललो असतो तर होडी धरली असती आणि शालूला परत पाठवली असती. होडी पुन्हा पाठवून त्याला आणू, असं ठरलेलं. पण राघो कागद करायला गेला तोवर तिकडच्या मासेमारीचे परवानेही बंद झाले. नाकं बंद, दर्या बंद. जावई आफ्रिकेतून मुंबईला उतरून आपल्या लेकीला भेटून गेला आणि माझा माणूस एका दिवसाच्या वाऱ्यावर अडकून पडला. कधी भर दर्यात दमणची नाव भेटते, तेव्हा कळतं. व्याह्याच्या घरी राहतो म्हणे, त्या आंधळ्याला रांधून घालतो. घरी कधी स्वतः पाणीसुद्धा घेतलं नाही त्याने!

आता सत्तावन्न साल. मागच्या महिन्यात मी नातीला कडेवर घेऊन कचेरीत गेले. गोपीनाथराव रिटायर झालेले. नवा साहेब तरुण, बोलायला नरम. मी आता काही लपवलं नाही. होडी घ्या, लायसन घ्या, पण माझा माणूस आणायचा कागद द्या, म्हटलं. त्याने जुनी फाइल काढून शांतपणे वाचली. मग म्हणाला, "बाई, इथे सहा गेले आणि सहा परत आले अशी नोंद आहे. दोन्ही चौक्यांचे शिक्के आहेत. तुमचे यजमान परत आलेले आहेत. आलेल्या माणसाला यायचा परवाना कसा देणार?"

मी त्याच्याकडे बघितलं. भांडायला गेलेले, पण नातीला नुसतं दुसऱ्या कडेवर घेतलं.

"आलेत ना?" मी म्हटलं. "मग साहेब, त्यांना सांगा, घरी जेवायला या."