बिननावाचे कागद

मी चौथीत दोन वर्षं बसले. अभ्यास कच्चा म्हणून नव्हे. मुरबाडच्या आमच्या शाळेत शाळा तपासणारे दिपोटीसाहेब परीक्षेला आले, त्या दिवशी मी गणितं सगळी सोडवली, निबंध लिहिला आणि कागदावर नाव घालायचं विसरले. साहेबांनी कागद वर धरून विचारलं, "ही बेवारशी उत्तरं कोणाची?" उभं राहून "माझी" म्हणायचं, एवढंच काम होतं. तेवढं मला जमलं नाही. साऱ्या वर्गापुढे मी कधी उभीच राहिले नव्हते. कागदाला शून्य मिळालं. पुढच्या वर्षी तीच गणितं पुन्हा केली, पण आधी नाव घातलं. तेव्हापासून काहीही लिहायला घेतलं की पहिल्या ओळीत नाव, ही सवय हाताला लागली. दुधाचा हिशेब लिहिताना म्हशीचंसुद्धा नाव घालायची मी.

ही सवय एकदा आमच्या गावाला फार महागात पडायची वेळ आली होती.

लग्न होऊन मी शहापूरच्या बाजूच्या या डोंगराकडच्या गावात आले. सासरे गावचे पोलीस पाटील. दुसरी मोठी लढाई सुरू व्हायच्या आधीची गोष्ट. चैत्राचे दिवस होते, मोहाची फुलं पडत होती आणि मला आठवा महिना होता. अशात मुंबईहून एक तरुण गृहस्थ सासऱ्यांच्या नावाची चिठ्ठी घेऊन आले. चष्मा, धोतर, कोट, आणि छापील कागदांचा एवढा मोठा गठ्ठा. ते कॉलेजात शिकत होते आणि दारूच्या व मोहाच्या कायद्यांनी खेड्यांत काय फरक पडला, यावर प्रबंध लिहीत होते.

"म्हंजे अबकारीचं मानूस?" सासऱ्यांनी विचारलं.

"छे, छे. मी फक्त विचारतो. पकडत नाही."

"इचारून काय करता मग?"

"लिहून ठेवतो."

पकडायचं नाही, सोडायचं नाही, नुसतं लिहून ठेवायचं, असं सरकार सासऱ्यांनी आजवर पाहिलं नव्हतं. गावानं त्यांना 'सवालमास्तर' म्हणायला सुरुवात केली.

आमच्याकडे तेव्हा कायदा असा होता की दारू घ्यायची तर परवान्याच्या गुत्त्यावरून. घरी काढली तर गुन्हा. मोहाची फुलं घरात किती ठेवायची, यालाही कायदा. आता फुलं झाडावरून पडतात तेव्हा ती काही मोजून पडत नाहीत. ती आम्ही भाजून खातो, गुळासारखी भाकरीबरोबर खातो, बैलाला घालतो. पण अबकारीचा जमादार टोपलीत हात घालून विचारायचा, "एवढी कशाला?" आदल्या वर्षीच्या शिमग्यात शेजारच्या गावातल्या एकाला त्यानं भट्टीवर धरून नेलं, तो पेरण्या झाल्यावर परत आला.

मास्तरांनी पुरुषांना प्रश्न विचारले. पुरुषांनी अशी उत्तरं दिली, की ऐकणाऱ्याला वाटावं या गावात ताकसुद्धा कोणी पीत नसेल. मग ते बायकांकडे वळले. बायका पदर ओढून भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. तीन दिवस त्यांनी आमच्या गावातल्या बायकांच्या पाठीच पाहिल्या.

शेवटी सासरे म्हणाले, "आमचे सूनेला लिवता येतं."

झालं. मी दाराआड. मास्तर बाहेर ओटीवर. ते कागद उंबऱ्यावर ठेवून मागे सरकायचे, मग मी हात लांब करून कागद आत ओढायची. मांजराला दूध ठेवतात तसंच ते होतं. समजावूनही त्यांनी तसंच लांबून सांगितलं, "वहिनी, एका बाईला एक कागद. आणि कुठेही नाव लिहायचं नाही हं." कागदाच्या खालीही बारीक अक्षरात छापलं होतं, 'नाव लिहू नये.'

मी ते वाचलं. पण मला तर माहीत होतं ना, नाव नको म्हणणारा माणूस निघून जातो आणि बेवारशी कागद ज्याच्या हातात पडतो तो शून्य देतो! एवढ्या बायकांनी तोंड उघडून दिलेली उत्तरं फुकट जावीत, हे काही मला पाहवेना. मी प्रत्येक कागदाच्या माथ्यावर ठसठशीत अक्षरात नाव घातलं. दोन बायकांचं नाव एकच होतं, म्हणून घर कुठलं तेही घातलं.

माझ्याशी बायका मोकळ्या बोलल्या, कारण प्रश्नाखेरीज मी काही बोलतच नव्हते. एकीला विचारलं, कायदा कधी पाहिला आहे का? ती म्हणाली, "व्हय गो, पाह्यला तर. खाकी चड्डी घालतो, सायकलीवरनं येतो. आमचे कोंबड्यावर लय जीव त्याचा." कायद्याने काय फरक पडला, या प्रश्नाला दुसरी म्हणाली, "पयले भट्टी घरामागं होती, आता ओढ्यापल्याड. पानी जवळ झालं, बरं झालं." आणि घरात भट्टीची दारू आहे का, याला निम्म्याहून जास्त बायकांनी सांगितलं, आहे थोडी, बाळंतिणीच्या अंगाला लावायला. ते खोटं नव्हतं. आमच्याकडे बाळंतीण तशीच शेकतात.

सगळ्यांत शेवटी पाड्यावरची म्हातारी सुईण आली. गावाच्या कडेला तिचं एकटीचं खोपट. या गावातलं प्रत्येक डोकं पहिल्यांदा तिच्या हातात आलेलं, माझ्या नवऱ्याचंसुद्धा. माझ्या माहेरी आई नव्हती, म्हणून माझं बाळंतपणही तिच्याच हातून व्हायचं ठरलेलं. ती माझ्यासमोर ऐसपैस बसली.

"लिव. एक चंबू हाय. आर्दा बाळंतिनीचे अंगाला लावाया."

"आणि अर्धा?"

"माझे अंगाला. आतनं."

मी हसू दाबून जसंच्या तसं लिहिलं. तिनं माझ्या हातातली टाकाची काडी निरखून पाहिली, मग कागदाच्या माथ्यावर बोट ठेवलं. "ह्ये काय?"

"तुमचं नाव."

"माझं? एवढं?" तिनं त्या अक्षरांवरून बोट फिरवलं. शाई ओली होती, बोटाला लागली. ती बोट पुसायला तयार होईना.

दुसऱ्या दिवशी सकाळी अबकारीचा जमादार आमच्या ओटीवर येऊन बसला. मास्तरांना कचेरीतून परवानगी मिळाली होती ती एका अटीवर, कागद मुंबईला जाण्याआधी अबकारीच्या माणसानं ते नजरेखालून घालायचे. मी स्वयंपाकघरात कांदा चिरत होते. बाहेरून मास्तरांचा आवाज आला, अगदी उत्साहानं समजावत होते:

"अवश्य पाहा जमादारसाहेब. कोणत्या बाईनं काय सांगितलं ते मलाही ठाऊक नाही. नाव लिहायचंच नाही, हाच आमचा नियम. नाव असतं तर कोणी खरं बोललं असतं का? आणि बोललं असतं, तर तुम्ही उद्या त्यांच्या दारात उभे राहिला असता!"

"उद्या कशाला? आजच," जमादार म्हणाला आणि दोघं मोठ्यानं हसले.

विळीवर माझा हात थांबला. एकतीस कागद. एकतीस नावं, घरांच्या खुणांसकट. आणि सगळ्यांत वरती म्हातारीचं, चंबूसकट. जमादाराला भट्टी शोधायला ओढेनाले पालथे घालावे लागायचे. मी त्याला अख्खं गाव सुवाच्य अक्षरात लिहून दिलं होतं.

"वहिनी," मास्तरांनी हाक मारली, "कागद देता का?"

आणि मी, जिच्या तोंडून या घरात परपुरुषापुढे कधी शब्द निघाला नव्हता, ती आतून ओरडले, "ओले आहेत!"

ओटीवरून जमादाराचा आवाज आला, "चैताच्या उन्हात?"

सासूबाई मागच्या दारातून धावत आल्या. त्यांना वाटलं मला कळा लागल्या. मी कागदाच्या माथ्यावर बोट ठेवून कसंबसं सांगितलं. सासूबाईंना अक्षर येत नव्हतं, पण अर्थ माझं सांगणं संपायच्या आधीच कळला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, विळीकडे पाहिलं, आणि पदर खोचून बाहेर गेल्या.

"जमादारभाऊ, पाटलाचे घरनं उपाशी जाल तर गाव काय म्हनंल? दोन भाकरी खाऊनच कागद बघा."

"नको, नको, मी आत्ताच..."

"सुक्या बोंबलाचं कालवण हाय."

जमादार बसला.

मग आमच्या स्वयंपाकघरात जी धांदल उडाली, ती आठवली की मला अजून एकटीलाच हसू येतं. सासूबाई चुलीपाशी तांदळाच्या भाकऱ्या थापत होत्या. मी आठव्या महिन्याचं पोट सांभाळत विळीवर बसून चार-चार कागदांची माथी उडवत होते. पट्ट्या निघाल्या की सासूबाई त्या चुलीत सारायच्या. भाकरी फुगली की जमादाराला. मध्येच त्या पुटपुटायच्या, "किती ऱ्हायली गो?" मी म्हणायची, "बारा." त्या बाहेर जाऊन म्हणायच्या, "भाऊ, आजून एक घ्या, वाईच पातळ झाली व्हती पयली." आमच्या गावातल्या बायकांच्या नावांवर जमादाराच्या भाकऱ्या भाजल्या गेल्या, आणि त्यानं त्या चवीनं खाल्ल्या.

म्हातारीची पट्टी हातात आली तेव्हा मात्र मी क्षणभर थांबले. अक्षरांवर तिच्या बोटाचा डाग पडला होता. पण चूल समोर होती आणि जमादार पाणी पिऊन ढेकर देत होता.

हात धुऊन त्यानं कागद घेतले. एक वाचला, दोन वाचले. "कागदांना कांद्याचा वास कसा काय?" त्यानं विचारलं.

"शाईत घालतात इकडं," सासरे गंभीरपणे म्हणाले. त्यांना आतलं काहीच माहीत नव्हतं, पण पाटीलकीत अशा वेळी काय बोलायचं ते त्यांना बरोबर कळायचं.

मग जमादार त्या ओळीपाशी आला. "माझे अंगाला. आतनं," असं मोठ्यानं वाचून तो एवढा हसला की टोपी पडली. डोळे पुसत म्हणाला, "ही कोण बया आहे?"

"मला ठाऊक नाही," मास्तर म्हणाले. "तोच तर नियम."

"पाटील?"

"लई बाया हायती गावात," सासरे म्हणाले. "सगळ्यांचंच आंग दुखतं."

सगळ्यांचेच चंबू, आणि नाव एकाचंही नाही. जमादारानं गठ्ठा बांधून परत दिला आणि सायकलीवर बसून गेला.

संध्याकाळी मास्तर कागद चाळत होते. मग उंबऱ्यापासून नेहमीच्या अंतरावर उभं राहून म्हणाले, "वहिनी, कागद आखूड कसे झाले?"

मी दाराआडून बाहेर आले. उंबऱ्यावर उभी राहिले आणि दिपोटीसाहेबांपासून विळीपर्यंत सगळं सांगितलं, जमिनीकडे बघत, पण एका दमात. मास्तरांचा चेहरा आधी पांढरा पडला. मग ते ओटीवरच बसले.

"चूक माझी," ते म्हणाले. "नाव लिहू नका एवढंच मी सांगितलं. का, ते सांगितलंच नाही." मग म्हणाले, "कायदे करणारेही हेच करतात." आणि त्यांनी वहीत काहीतरी टिपून घेतलं. त्यांच्या प्रबंधात माझी विळी आली की नाही, मला माहीत नाही. आली असेल तर बिननावाचीच आली असेल.

तिसऱ्या दिवशी म्हातारी आली. मास्तर निघायच्या आत तिला तो कागद एकदा पुन्हा बघायचा होता. मी मास्तरांकडून मागून दाखवला. वाचता येत नसलं तरी माथ्यावर काही नाही, हे तिला तेव्हाच दिसलं.

"माझं नाव कुठाय?"

"जाळलं, आजी. जमादार होता बाहेर."

"जाळलंस? जित्तेपनी?" ती कंबरेवर हात ठेवून उभी राहिली. "सत्तर पोरं काढली मी ह्या गावात, कुनी कागदावर घातलं नाय मला. एकदा घातलंस, तं बोंबलाचे कालवनाखाली सरपन केलंस!"

"तुम्हाला धरून नेलं असतं."

"न्हेलं असतं तं नाव तरी इचारलं असतं!" ती तरातरा निघून गेली. पाड्यावर जाऊन तिनं सांगितलं, पाटलाचे सूनेचं बाळंतपण ती आपलं आपन करंल, तिला लिवता येतं ना.

मला त्या महिन्यात नीट झोप लागली नाही. पण वैशाखात कळा सुरू झाल्या, आणि सांगावा जायच्या आधीच ती बाजेपाशी हजर. पदराखाली चंबू. माझ्याकडे पाठ करून तिनं चुलीवर पाणी ठेवलं. तिच्या हातांनी मात्र सगळं नेहमीसारखंच केलं. मुलगी झाली. तिनं नाळ कापली, मला चोळलं, उरलेलं आतून लावलं, आणि मग चुलीतला विझलेला कोळसा माझ्या हातात ठेवला.

"घाल."

"काय?"

"माझं नाव. हितं." तिनं बाजेच्या डोक्याशी भिंतीवर हात आपटला. "बाळंतिनीचे खोलीत जमादार येत नाय."

अंगात त्राण नव्हतं, तरी पडल्या पडल्या लिहिलं. तिनं अक्षरं बोटानं मोजली, बोट काळं झालं, तेव्हा कुठे माझ्या मुलीला नीट मांडीवर घेतलं.

दिवाळीआधी सासूबाईंनी खोली सारवली. त्यांनी ती तेवढी जागा सोडून सारवली, आणि तेव्हापासून दर वर्षी तशीच सोडतात.

आता म्हणे सगळ्याच मुलखात दारूबंदी येणार आहे. म्हातारी अजून आहे. चंबूही आहे. म्हणून या वहीत मी कोणाचंच नाव घातलेलं नाही, पहिल्या ओळीत माझंसुद्धा नाही.