दीड किलो कंटोळी

"ही बघा आमची बेरोजगार बाई," असं म्हणून साहेबांनी माझी पिशवी टेबलावर उचलून धरली.

पिशवीत कंटोळी होती, पावसाळ्यातली रानभाजी. दीड किलो. मागे रांगेत आठ-दहा माणसं उभी होती. सगळी हसली नाहीत. तिघं-चौघं हसली, पण तेवढी पुरतात.

खालापूरकडच्या एका पॅकिंगच्या कंपनीत मी सहा वर्षं कामाला होते. बाटल्यांना झाकणं लावायची, खोकी भरायची. एका सोमवारी गेले तर गेटला कुलूप. कंपनी बंद. मग सरकारचा बेरोजगार भत्ता मिळाला, तीन महिन्यांसाठी. काम शोधूनही मिळालं नसेल तर अर्ज करून आणखी तीन महिने वाढवून मिळतात, असं फॉर्मवरच छापलेलं आहे. ती मुदतवाढ मागायला मी कर्जतच्या भत्त्याच्या ऑफिसात गेले होते.

ते तीन महिने मला कशाला हवे होते, ते आमच्या कातकरवाडीत कुणालाही विचारा. गणपती गेले की वीटभट्टीचा मुकादम वाडीत येतो. जोडी ठरवतो. जोडी म्हणजे नवरा-बायको, मुलं त्यातच धरलेली. दिवाळी झाली की सगळं बिऱ्हाड टेंपोत. मी पाचवीत असताना अशीच शाळेतून उठून भट्टीवर गेले होते. परत आले तेव्हा शाळेच्या पटावरून नाव कमी झालेलं. पुढे मावशीकडे राहून कशीबशी सातवी केली. आता माझी मुलगी सहावीत आहे, कशेळ्याच्या शाळेत. नवरा लोकांच्या शेतावर लावणी-कापणीला जातो, त्यात भागत नाही. भत्ता वाढला तर मला गेटागेटावर फिरून काम शोधता येणार होतं. नाही वाढला तर भट्टी. पोरीचं नाव पटावर राहतं की जातं, एवढाच सगळा प्रश्न होता.

आता कंटोळी मी का नेली, ते सांगते. सांगायची लाज वाटते, तरी सांगते.

आमच्यात साहेबाच्या दारात कुणी रिकाम्या हातानं जात नाही. आजा फॉरेस्टवाल्याला मध न्यायचा. बाप तलाठ्याला खेकडे. मास्तरांना रानातली शेवळं. हे कुणी शिकवलेलं नाही, साहेबाकडे जायचं म्हटलं की हात आपोआप पिशवीकडे जातो. आदल्या दिवशी आई म्हणाली, "साहेबाकडं रिकामी जाऊ नको गं." मग मी डोंगराच्या अंगाला अर्धा दिवस हिंडले. कोवळी कोवळी निवडली. घरात एकही ठेवलं नाही.

साहेबांनी पिशवीत डोकावून विचारलं, "कुठून आणलीस?"

"रानातली हाय साहेब. मीच काढते. कशेळ्याच्या बाजारात विकायला पण बसते."

हे मी ऐटीत सांगितलं. वाडीत कुणी विचारलं, काय करतेस, तर "काही नाही" असं उत्तर कुणी देत नाही. खायला काळ आणि भुईला भार, असं माणूस आमच्यात चालत नाही. डोळ्यांना दिसेनासं झालेली म्हातारीसुद्धा दारात बसून केरसुण्या बांधते. मला वाटलं, साहेब म्हणतील, बाई कष्टाळू आहे.

साहेबांनी पेन उचललं. माझ्या फॉर्मवर "सध्याचा व्यवसाय" अशी एक रेघ होती, ती कोरी राहिली होती. तिथं त्यांनी लिहिलं, भाजीविक्री.

"धंदा चालू आहे तुझा. मग बेरोजगार कशी? रानातून फुकट आणायचं, विकायचं आणि वर सरकारकडून भत्ता. तुम्हां लोकांना नोकरी नकोच असते, फुकटची सवय लागलीय. चल, पुढचा."

शिपायानं पिशवी टेबलावरून उचलली. मला वाटलं, परत देतोय. त्यानं ती साहेबांच्या खुर्चीमागे ठेवली.

आणि मी काय म्हणाले? "बरं साहेब." वर हात जोडले. ज्या भाजीपायी मला भत्ता नाकारला ती भाजी त्यांनी ठेवून घेतली आणि मी हात जोडून बाहेर आले.

कशेळ्याच्या जीपमध्ये चौघींच्या मध्ये दाटून बसले होते आणि डोक्यात एकच. ही कंटोळी साहेब आता घरी नेणार. कांद्यावर परतणार. पोरंबाळं चाटूनपुसून खाणार. साहेबाचा राग नंतर आला. आधी माझाच आला. इतका की घरी गेल्यावर आईशी बोलले नाही. तिचा तरी काय दोष?

पुढचे पंधरा दिवस मी खालापूरच्या कंपन्या पालथ्या घातल्या. पाच गेटं. जीप, मग एसटी, मग पायी. वॉचमन गावाचं नाव विचारायचा. वाडीचं नाव सांगितलं की त्याचा चेहरा बदलायचा. "तुमची लोकं सणाला गेली की परत येत नाहीत," एक म्हणाला. सहा वर्षांत माझे खाडे किती, ते कुणी विचारलं नाही. आत मॅनेजरपर्यंत तर एकदाही पोचले नाही. काम शोध म्हणायचं आणि गेटातून आत घ्यायचं नाही. मी शोधायचं कुठं, रस्त्यावर?

पुन्हा ऑफिसला गेले. दाराशी कारकून भेटला. नेरळकडचा, शेतकऱ्याघरचा माणूस, बोलायला बरा. मला बाजूला घेऊन म्हणाला, "अगं बाय, तुला कोणी सांगितलं व्हतं खरं बोलायला? नवीन फॉर्म भर. काय करतेस तिथं 'काही नाही' लिही. आन् साहेबांना कंटोळी लय आवडली. पुढच्या येळेस घेऊन ये, काम व्हईल."

तो माझ्या भल्यासाठीच सांगत होता. त्याचाच जास्त त्रास झाला.

मी बाकावर बसले. फॉर्म मांडीवर घेतला. व्यवसायाच्या रेघेपर्यंत आले. "काही नाही." दोन शब्द. लिहिले की पोरीची शाळा वाचत होती. पेन टेकवलंसुद्धा. दहाव्या वर्षापासून मी भट्टीचा चिखल तुडवला, लाकडं वाहिली, झाकणं लावली, कंटोळी काढली. आणि आता माझ्याच हातानं लिहू, की मी काही करत नाही? मग साहेबाला बरंच आहे की. तो हेच तर म्हणत होता भर रांगेत.

माझ्या फॉर्मवर तोवर कायम दुसऱ्यानं लिहिलं होतं. कंपनीत सुपरवायझरनं, भत्त्याच्या आणि मुदतवाढीच्या वेळी बाहेरच्या झेरॉक्सवाल्यानं. त्या दिवशी पहिल्यांदा मी लिहिलं. अक्षर वाकडं आहे माझं, पण वाचता येतं. लिहिलं ते असं:

"कंपनी बंद झाल्यापासून मी काम शोधत आहे. खालापूरला पाच कंपन्यांच्या गेटवर गेले. नावं आणि तारखा मागे लिहिल्या आहेत. काम मिळालं नाही. घरी जेवायला लागतं म्हणून मध्ये रानभाजी विकते. मागच्या वेळी आणलेली दीड किलो कंटोळी विकलेली नाही. ती या ऑफिसात ठेवून घेतली."

साहेबांनी वाचलं. पुन्हा वाचलं. या वेळी रांगेला ऐकू जाईल असं बोलले नाहीत.

"हे कंटोळीचं खोड."

"नाय खोडणार. खोटं असंल तर तुमी तसं लिहा न् सही करा."

"अर्ज नामंजूर होईल."

"व्हऊ द्या. कारण लिहून द्या. आन् मला पोच पायजे."

मी फॉर्मची माझी प्रत टेबलावर पुढे सरकवली. साहेबांनी फॉर्म कारकुनाकडे ढकलला. त्यानं माझ्याकडे न बघता माझ्या प्रतीवर शिक्का मारला, तारीख घातली.

अजून निकाल नाही. परवा मुकादम वाडीत येऊन गेला. ओट्यावर बसून म्हणाला, "तुमची जोडी धरू ना?" नवऱ्यानं माझ्याकडे बघितलं. मी "नाय" म्हणाले. उद्या चूल कशी पेटवायची ते मला माहीत नाही, तरी नाय म्हणाले. आई घाबरलीय. म्हणते, साहेब डूख धरेल. धरू दे. तो आधी तरी काय माया करत होता?

सोमवारी निकाल विचारायला ऑफिसला परत जायचं आहे. आज सकाळी आईनं गुपचूप दाराशी पिशवी भरून ठेवली होती, हंगामातली शेवटची कंटोळी. मी ती चुलीवर घातली आणि पोरीला पोटभर वाढली. खाताना तिला सांगितलं, तुझ्या पणज्यानं मध नेला, आज्यानं खेकडे नेले, आईनं कंटोळी नेली. तू काही न्यायचं नाहीस.

सोमवारी नामंजूर म्हणाले तर कारण लेखी घेणार. ते घेऊन वरच्या साहेबाकडे जाणार, त्याच्याही वर कुणी असेल तर त्याच्याकडे. काम शोधणं थांबवणार नाही आणि भत्ता मागणंही थांबवणार नाही. जाताना हातात पोच असेल. दुसरं काही नसेल.