ज्ञानूने खंदक का सोडला: सातारा ते सांगली

लढाई संपवून मी साताऱ्याला परत आलो, त्याला वर्ष होत आलं होतं. एक दिवस पलटणीतला जुना सोबती बाजारात भेटला. त्याच्याकडून कळलं की इस्लामपूरजवळच्या आमच्या ज्ञानूचं नाव त्याच्या घरात कुणी काढत नाही. पोरगा खंदक सोडून पळाला आणि मेला, असं कुणीतरी रजेवर येऊन सांगितलं होतं आणि वडिलांनी ते खरं धरलं होतं. ज्ञानू इटलीत माझ्या डोळ्यांसमोर गेला. घरचे म्हणाले, म्हाताऱ्याच्या तोंडी लागू नकोस. मी म्हटलं, लागणार.

सकाळची कऱ्हाडची मोटार धरली. या वाटेने जाणाऱ्यांनी पुढे बसावं. पेट्रोलच्या टंचाईत गाड्या अजून कोळशाच्या गॅसवर चालतात आणि मागे बसलेल्याचा सदरा काळा होतो. एका चढाला आम्ही सगळ्यांनी उतरून गाडी ढकलली. कऱ्हाडला भाकरी-ठेचा खाऊन गाडी बदलली, तिसऱ्या प्रहरी इस्लामपूर गाठलं. पुढे तासभर उसातून पायवाट. गुऱ्हाळं लागली होती. हाक मारून रस पाजतात. पैसे काढू नका, राग येतो त्यांना.

ज्ञानूचे वडील तात्या हे पहिल्या महायुद्धातले सुभेदार. मेसोपोटेमियात महिनोन्‌महिने खंदकात काढलेला माणूस. त्यांनी जेवू घातलं, अंथरूण दिलं, पण मुलाचा विषय काढताच एवढंच म्हणाले, "खंदक सोडायचा न्हाई. आमी चिखलात कुजलो, पर सोडला न्हाई."

"तुमच्या वेळी समोरून माणसं यायची तात्या, आमच्यावर रणगाडा आला."

"खंदक त्यो खंदक."

मग उद्या एक खणू, मी म्हटलं. ते हो म्हणाले, बहुतेक मला खोटं पाडायलाच.

सकाळी त्यांच्याच शेतात, बांधाखाली, आम्ही दोघांनी छातीभर खोल खंदक खणला. माझी कड ढासळत होती, ती त्यांनी मला शिव्या देत नीट केली. मी बैलगाडी बांधाच्या पलीकडे आणून उभी केली आणि तात्यांच्या हातात काठी दिली. आमच्याकडे रणगाडा फोडायला एकच शस्त्र होतं, खांद्याला लावायचं नळकांडं. रणगाडा शंभर पावलांच्या आत आला तरच उपयोग. मी त्यांना सांगितलं की ही गाडी म्हणजे रणगाडा. पोलादाचा, बंदुकीची गोळी चाटून जाते. तो बांधावर चढला की खंदकाच्या तोंडाशी येऊन आतली रांगच्या रांग भाजून काढणार. आता नेम धरा.

तात्यांनी काठी खांद्याला लावली. टाचा उंचावल्या, जागा बदलली, पुन्हा उंचावल्या. आतून बांधाची कडच तेवढी दिसत होती.

मग ते गुडघे टेकत, धापा टाकत वर आले. मी हात दिला, तो त्यांनी झिडकारला. सरपटत बांधाच्या टोकाला गेले, उसाच्या कडेला पालथे पडले आणि गाडीच्या चाकावर काठी रोखली.

"हितनं लागंल," ते म्हणाले.

"तिथूनच मारला त्याने. हुकुमाची वाट न बघता. रणगाडा पेटला, मागच्यांची वाट अडली. मागून आलेल्या दुसऱ्याच्या मशीनगनने त्याला टिपलं."

ते पडूनच राहिले. खांदे हलत होते. मी बैलांपाशी जाऊन उभा राहिलो.

दुपारी तेच म्हणाले, सांगलीला चल. ज्ञानूची बायको अनसूया हिला त्यांनी त्या बातमीनंतर माहेरी घालवून दिली होती. आष्ट्यावरून जाणारी मोटार खच्चून भरलेली. म्हातारा सगळी वाट दांडीला धरून उभा होता, कुणी जागा दिली तरी बसला नाही. सांगलीहून हरिपूरला टांग्याने गेलो. तिथे जमिनीत खोल पेवं खणून हळद साठवतात, पाहण्यासारखी आहेत. अनसूया तिथेच हळद निवडायला जायची. विधवेने हळदीला हात लावू नये म्हणून बायका कुजबुजल्या, तेव्हा तिने कोपरापर्यंत हात पोत्यात घातले होते म्हणे.

तात्यांनी तिच्यासमोर फेटा काढला. म्हणाले, चूक झाली, घरी चल.

"मला कवाच ठावं हुतं," ती म्हणाली. "तुमाला खड्डा खणून बघाय लागला. मी हितंच ऱ्हाणार. माझ्या हातानं मिळवून खातीया. तुमी गावात चावडीवर उभं ऱ्हाऊन सांगा, मला नगं."

तात्यांनी मान डोलावली. मग ती माझ्याकडे वळली. "तवा तुमी कुठं हुता?"

ज्ञानू गेल्यापासून दीड वर्षात हे कुणी विचारलं नव्हतं. मीही स्वतःला विचारलं नव्हतं.

"खंदकात," मी म्हणालो.

तिने पाणी आणून दिलं.

परत साताऱ्याला आलो तेव्हा घरच्यांनी विचारलं, म्हाताऱ्याने ऐकलं का. ऐकलं. पंधरवड्याने कळलं, चावडीवर सांगूनही आला. पण माझ्यापाशी राहिलं ते माझं उत्तर. आता कुणी लढाईचं विचारलं की तेच आधी सांगतो, मान वर करून. आमच्यात एकाने खंदक सोडला. आम्ही अकराजण हुकूम पाळत आत बसलो होतो, त्याच्यामुळे वाचलो.