आत्याबाईंचं रिकाम्या हातानं चालणं

आमच्या आत्याबाईंना, म्हणजे सासूबाईंना, बीपी निघालं ते एकोणीसशे पंच्याहत्तरच्या आसपास. जालन्याच्या डॉक्टरांनी दंडाला पट्टा बांधला, फुगा दाबला आणि म्हणाले, "गोळी रोज घ्या, मीठ कमी करा, सकाळी अर्धा तास चाला. नाहीतर लकवा मारेल." आत्याबाईंची थोरली बहीण लकव्यानं दोन वर्षं खाटेवर होती, तिचं सगळं यांनीच केलेलं.

गोळीचं आणि मिठाचं सोपं होतं. त्यांची भाजी मी मीठ घालायच्या आधीच वाटीत काढायची, लोणच्याची बरणी माळ्यावर. अडलं ते चालण्यापाशी. आमच्या राजूरकडच्या गावात बाईमाणूस चालायचं ते कामाला: शेतात, आडावर, दळणाला. रिकाम्या हातानं नुसतीच हिंडणारी बाई म्हणजे एकतर भांडून निघालेली, नाहीतर डोकं फिरलेली.

मी सातवी पास. घरात सगळ्यांत शहाणी मीच, असं माझंच मत होतं. म्हटलं, "आत्याबाई, कुणी इचारलं तर सांगू, शेळी हरवलीय. हुडकून राह्यलो."

पहिल्याच दिवशी पाराजवळ एकीनं विचारलं. मी रडका चेहरा करून सांगितलं. इतका झकास केला की तिच्याच डोळ्यांत पाणी आलं. घटकाभरात निम्मी आळी शेळी शोधायला बाहेर. कुणी ओढ्याकडं, कुणी बाभळींत. आणि शेळी आमच्या दारात खुंट्याला बांधलेली, आरामात पाला खातेय. शेजारच्या काकूंनी तिथूनच आरोळी ठोकली, "अगं ए शहाणे, ही काय तुमची शेळी! का हिची मावशी हरवलीय?"

मला तोंड लपवायला पदर पुरेना. आत्याबाई मात्र कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

"शेळी न्हाई हरवली. सून येडी हाय. मला बीपी हाय, डॉक्टरनं चालाय सांगितलंय. मला बहिणीसारखं खाटेवर पडायचं न्हाई. उद्यापासून रोज चालणार, बिलकुल रिकाम्या हातानं. हसायचंय त्यानं हसून घ्या."

हसले. चार दिवस हसले. पाचव्या दिवशी त्याच काकू गुडघे धरत आमच्या मागं आल्या. "मला बी दम लागून राह्यलाय. येऊ का?" पोळ्यापर्यंत आम्ही नऊ जणी झालो.

दिवाळीनंतर डॉक्टरांनी फुगा दाबला, सोडला, पुन्हा दाबला. "आजी, एकदम बराबर आलंय! आता गोळी आणि चालणं सोडायचं नाही."

"मी सोडीन हो," आत्याबाई म्हणाल्या, "त्या बाया मला सोडत्यात व्हय?"

एसटीनं राजूरला उतरलो. तिथून गाव दीड कोस. ओळखीची बैलगाडी उभी होती; मी तर चढूनही बसले.

"उतर, सूनबाई."

त्या पुढं, मी मागं धापा टाकत. वेशीत सगळ्या जणी वाट बघत उभ्या. "काय निघालं?"

आत्याबाई थांबल्यासुद्धा नाहीत. "उतरलं! चला, मारुतीपर्यंत एक फेरी मारू."

सगळ्या निघाल्या. मी पहिल्याच ओट्यावर बसकण मारली.