हरलेल्याचंही नाव

"बाय, लिवलंस? आता वाच."

असं म्हणून काका हात मागे बांधायचे आणि डोळे मिटायचे. मग मी वहीतलं मोठ्यानं वाचायचं. एखादं आडनाव चुकलं की डोळे न उघडताच "आं?" यायचं. वार्ताहराला इतका छळणारा माणूस तुम्हीही पाहिला नसेल.

काका मूळचे गव्हाणचे, गॅरेज नवीन पनवेलला. मी इथल्याच एका छोट्या दैनिकात खेळाचं पान बघते. आमची ओळख भांडणातून झाली. ड्रॅग रेसची, म्हणजे सरळ रस्त्यावरच्या दुचाकींच्या शर्यतीची, माझी बातमी घेऊन ते थेट ऑफिसात आले.

"यात चार मोठ्या गाड्याच दिसतात. सकाळपासून पोरं पळली, ती कुठं गेली?"

खरं सांगायचं तर आम्ही पत्रकार दुपारी जायचो. तेव्हा महागड्या परदेशी बाईक सुटायच्या, फोटो झकास यायचे. रोज कामावर न्यायची गाडीच घेऊन येणाऱ्या हौशी लोकांचे गट सकाळीच उरकलेले असत. त्यांची नावं कुणी छापत नसे. काका त्यांच्यातलेच. शंभर सीसीची जुनी गाडी घेऊन दरवर्षी उतरायचे आणि पहिल्याच फेरीत हरायचे.

पुढच्या वेळी मी हट्टानं सकाळी सहाला हजर झाले. पनवेलबाहेरचा, रहदारीला अजून न उघडलेला सरळ रस्ता रीतसर परवानगीने मिळाला होता. एका वेळी दोन गाड्या. हिरवा दिवा लागला की सुटायचं. स्कूटरच्या गटाच्या शेवटच्या फेरीत जासईची एक मुलगी होती, कंटेनर यार्डाच्या ऑफिसात नोकरीला. समोर खोपोलीचा मुलगा. मी सुटायच्या रेघेपाशी फोटो काढत होते, त्यामुळे शेवट दिसलाच नाही. हातात आलेल्या कागदावर मुलाची वेळ कमी होती. मी बिनधास्त त्याला विजेता करून टाकलं.

दुसऱ्या दिवशी काका पेपर घेऊन दारात.

"ती पोरगी यार्डात तोंड लपवून बसलीय. जिंकले म्हनून सगळ्यांना पेढे वाटले, आन पेपरात हरली!"

मग टेबलावरचे चहाचे दोन ग्लास पुढे ओढले. "दिवा लागला. ही सुटली. हा झोपला. जो तो सुटला की त्याचं घड्याळ चालू. म्हनून याचा टायम कमी. पन रेघ आधी कुनी गाठली?" तिचा ग्लास टेबलाच्या कडेला आधी पोचला. माझं तोंड एवढंसं झालं. ते वाचून दाखवण्याचं प्रकरण तेव्हापासूनचं.

संपादकांनी आतल्या पानावर दोन ओळींची दुरुस्ती देऊ केली. काका खुर्चीतून हलेनात.

"पोरगी काय दोन वळींची हाय?"

शेवटी तिच्या फोटोसकट पूर्ण बातमी लागली. उठताना काका म्हणाले, "आन त्या हरलेल्या पोराचं नाव पन लिव. तो समोर नसता, तर ही कोनासंगं पळली असती?"

तेव्हापासून आमच्या पानावर प्रत्येक गटाची प्रत्येक फेरी येते, दोन्ही नावांसकट. काका आपला पराभव कापून गॅरेजात चिकटवायचे आणि गिऱ्हाइकाला दाखवायचे, "बघा, मी!" आता मुंबईचे पत्रकारही सकाळी सहाला येतात आणि माझ्याकडे यादी मागतात. अशा वेळी माझी मान ताठ होते, आणि मला ते लपवायचंही नाही. पण ही सगळी करणी काकांची.

गेल्या महिन्यात काका गेले. बातमी मीच लिहिली. लिहून झाल्यावर वाचून कुणाला दाखवायची, ते कळेना. मी जासईच्या त्या मुलीला फोन लावला. काकांचं गाव, गॅरेज, हौशी गटांसाठी घातलेले हेलपाटे, सगळं वाचलं.

"ताई, ते पयल्या फेरीत हरायचे, ते लिवलं नाय तुमी."

गेलेल्या माणसाबद्दल असं कसं लिहायचं, म्हणून मी ते गाळलं होतं. डोळे पुसत ओळ घातली: शेवटच्या शर्यतीतही ते पहिल्या फेरीत हरले.

"कोनाकडून? त्याचं पन नाव पायजे."

तेही घातलं.

"लिवलंत?" ती म्हणाली. "आता वाचा."